बॅटरी खाणारं कोण

धाकटीला किळस म्हणून कशाची येत नसे. पॅथॉलॉजी लॅबमधल्या नोकरीत तिचं उभं आयुष्य गेलं होतं. लोकांचं रक्त, लघवी, थुंकी आणि त्याहूनही नकोशा गोष्टी डब्याबाटल्यांतून तिच्या टेबलावर यायच्या, आणि दुकानदार डाळतांदळाकडे बघतो तितक्याच शांतपणे ती त्यांच्याकडे बघायची. नव्याने लागलेल्या मुली पहिल्या आठवड्यात तोंड दाबून बाहेर पळत, तेव्हा ती त्यांना पाणी देऊन सांगायची की बाई गं, हे सगळं आपल्याही पोटात आहेच, नाक कोणासमोर मुरडायचं?

लग्न तिने केलं नव्हतं. म्हणजे करायचं नाही असं कधी ठरवलं नव्हतं, पण आधी आईचं आजारपण, मग आई गेल्यावर बाबांचं, असं करता करता चाळिशी उलटली. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा दादाने त्यांना आपल्या घरी नेलं, आणि सगळ्या नात्यागोत्यात त्याचं नाव झालं. बाबा दादाकडे राहत असले तरी त्यांचं अंग पुसणं, कपडे बदलणं, घास घास करून भरवणं हे सगळं संध्याकाळी लॅब सुटल्यावर धाकटी जाऊन करायची. वहिनीची कंबर दुखायची. दादाला तसलं काही जमायचं नाही.

जायला-यायला बरं पडावं म्हणून दादाने तिला आपली जुनी गाडी दिली. स्वतः नवी घेतली होती, जुनी दारात उभी राहून सडली असती. पण देताना चार माणसांसमोर किल्ली तिच्या हातात ठेवली आणि म्हणाला, आजपासून गाडी तुझी. वहिनीने टाळ्याही वाजवल्या. कागदसुद्धा त्याने तिच्या नावावर करून दिले. गाडी आतून अशी होती की सीटवर बसल्यावर कपड्यांना काहीतरी चिकटायचं. धाकटीने वरवर पुसून घेतली, आंबूस वासासाठी खिडक्या उघड्या ठेवल्या, आणि धर्माच्या गाईचे दात मोजायचे नाहीत म्हणून गप्प बसली.

थंडी पडायला लागल्यावर गाडी सकाळी मुकी व्हायला लागली. किल्ली फिरवली की नुसतं टक्. दिवे मिणमिणायचे आणि विझायचे. दादाचा एक माणूस होता, गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा. त्याने येऊन नवी बॅटरी बसवली. ती महिन्याभरात बसली, तेव्हा त्याने दुसरी बसवली आणि म्हणाला, जुनी गाडी आहे ताई, आता ती म्हाताऱ्या माणसासारखी वागणार. तिसऱ्यांदा गाडी मेली तेव्हा धाकटी दादाला म्हणाली की आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक चांगला कारागीर आहे, त्याला दाखवते. दादा फोनवर एकदम कडक झाला. दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नकोस, म्हणाला, हे लोक चांगल्या वायरिंगचा सत्यानाश करतात.

आता हे खरं की धाकटीला विजेचं थोडं कळत होतं. ते तिला यंत्रवाल्याने शिकवलं होतं. यंत्रवाला म्हणजे लॅबमधली यंत्रं दुरुस्त करायला येणारा गृहस्थ. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, बोलायला कमी, हाताला हलका. रक्त फिरवायचं यंत्र एकदा भर गर्दीच्या वेळी बंद पडलं, तेव्हा त्याने तिला शेजारी उभं करून वीज मोजायचं मीटर कसं लावायचं ते दाखवलं होतं. "वीज पाण्यासारखी असते," तो म्हणाला होता. "येते कुठून आणि जाते कुठे, एवढंच बघायचं." नंतर त्याने तिला एक मीटर आणूनही दिलं. नंतर सुट्टीच्या दिवशी ते दोघं तळ्याकाठी फिरायला जाऊ लागले, मग त्याच्या घरी चहा होऊ लागला. उघड कोणी काही बोललं नव्हतं, पण त्याने स्वयंपाकघरातल्या दोन कपांपैकी निळा कप तिचा म्हणून बाजूला ठेवायला सुरुवात केली होती, आणि या वयात माणसाला तेवढं पुरतं.

मग एके दिवशी तो यायचाच थांबला. लॅबमध्ये त्याच्याऐवजी कंपनीचा दुसरा माणूस येऊ लागला. फोन वाजून वाजून बंद व्हायचा. धाकटीने दोनदा केला, तिसऱ्यांदा केला नाही. मन बदललं असेल, असं तिने स्वतःला समजावलं, आणि तो घोट गिळून टाकला. मीटर मात्र तिने कपाटात जपून ठेवलं होतं.

सुट्टीच्या एका सकाळी गाडी पुन्हा मेली आणि तिचं डोकं फिरलं. बॅटरीवर बॅटरी बसवायची म्हणजे गळक्या माठात पाणी भरत बसायचं. पाणी जातंय कुठे ते कोणी बघायचं? तिने जुना गाऊन चढवला, वर सदरा घातला, लॅबचे हातमोजे घेतले आणि मीटर घेऊन इमारतीखालच्या पार्किंगमध्ये उतरली.

आधी तिने शेजारच्या गृहस्थांचा चार्जर मागून आणला आणि बॅटरीत निदान काम करण्यापुरता जीव भरला. तोवर दार उघडं ठेवून दाराच्या कुलपाची जीभ स्क्रू-ड्रायव्हरने दाबून बंद केली, म्हणजे दार लागलंय असं गाडीला वाटावं आणि आतला दिवा विझावा. मग बॅटरीच्या काळ्या टोकावरची पट्टी पान्याने सैल करून काढली आणि टोक आणि पट्टी यांच्यामध्ये मीटर जोडलं. गाडी झोपली की घड्याळ आणि रेडिओची आठवण राखण्यापुरती वीज जाते, कोळिष्टकाच्या धाग्याएवढी. ती बराच वेळ थांबली, गाडीला झोपू दिलं. आकडा खाली येईना. जायला हवी त्याच्या कितीतरी पट वीज गाडीतून झिरपत होती.

लॅबमध्ये एखादी चाचणी चुकीची आली की ती एकेक गोष्ट बाजूला काढून बघत जायची. इथेही तेच. तिने फ्यूजचं झाकण उघडलं आणि चिमट्याने एकेक फ्यूज उपटून मीटरकडे बघायला सुरुवात केली. रेडिओचा काढला, आकडा तसाच. आतल्या दिव्यांचा, भोंग्याचा, पंख्याचा, खिडक्यांचा, आकडा ढिम्म. सगळ्यांना बाहेर काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडलं तरी आकडा तिथेच. मग इंजिनाशेजारच्या, बॅटरी भरणाऱ्या डायनॅमोवर तिचा संशय गेला. मीटर बाजूला करून त्याची जाड वायर सोडवली, टोक चिंधीत गुंडाळलं, पुन्हा मीटर लावलं. काही फरक नाही.

ती उभी राहून विचार करू लागली. धरणाखालचे सगळे पाट बंद केले तरी पाणी कमी होतंय, म्हणजे भोक धरणालाच आहे. फ्यूजपर्यंत वीज पोचायच्या आधीच कोणीतरी तिला तोंड लावलं होतं.

तेव्हा तिला आत शिरावं लागलं. ती ड्रायव्हरच्या सीटवर पाय वर टाकून, डोकं ब्रेकच्या पेडलाखाली घालून उताणी पडली आणि दातात टॉर्च धरली. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला मळमळलं.

खाली गालिच्याच्या कडेला काहीतरी सांडून, वाळून, त्याची पिवळी खपली धरली होती. तिच्यात केस रुतले होते. कापलेली नखं होती, मोठ्या माणसाची, पायाची. चघळून चिकटवलेले गमचे गोळे होते, बोटांचे ठसे उमटलेले. एका कोपऱ्यात झुरळांनी अंडी घातली होती, आणि कोणाच्या तरी जखमेवरची, तपकिरी डाग पडलेली चिकटपट्टी तिच्या कपाळाला चिकटून आली. लॅबमधली घाण आजाऱ्याची असते. तो बिचारा काय करणार? ही धडधाकट माणसांची घाण होती. ती करून वर त्यांनी या गाडीची किल्ली टाळ्यांच्या गजरात तिला दिली होती.

किल्ली फिरवायच्या जागेच्या मागे जाड वायरींचा जुडगा होता, आणि त्यातल्या एकीला गळू झालं होतं. वायरीचं साल सोलून तिथे एक बारीक लाल वायर पिळून बसवली होती, वरून काळी टेप फासली होती. टेपचा गोंद वितळून खाली लोंबत होता. तिने बोट लावलं तर तो तार धरून गालावर आला. ही बारीक लाल वायर गालिच्याखाली गेली होती. धाकटीने गालिचा फाडल्यासारखा वर ओढला आणि वायरीच्या मागे मागे सीटखाली पोचली.

तिथे चिकटपट्टीने डकवलेली काळी डबी होती, काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी. एका बाजूने फुगून तिचं झाकण उचकटलं होतं, आत हिरवा दिवा लुकलुकत होता. गाईच्या कानामागे रक्त पिऊन टम्म झालेली गोचीड असते, तशी ती सीटच्या पोटाला चिकटून बसली होती. तिने कात्री घेऊन वायर कापली. बाहेर येऊन बघते तर मीटरवरचा आकडा खाली येऊन कोळिष्टकाच्या धाग्याएवढा झालेला.

सापडलं म्हणून क्षणभर तिला बरं वाटलं. मग तिने डबी उघडली. आतली चपटी बॅटरी खराब होऊन फुगली होती, कितीही पाजलं तरी तिचं पोट भरत नव्हतं. आणि तिच्या शेजारी फोनमध्ये असतं तसं एक सिमकार्ड होतं.

गाडी चोरीला गेली तर ती कुठे आहे ते फोनवर दिसावं म्हणून लोक असं काहीतरी लावतात, हे तिने ऐकलं होतं. दादाने लावलं असेल, सांगायला विसरला असेल, असं तिने प्रामाणिकपणे स्वतःला सांगून पाहिलं. पण हात पुसता पुसता त्याचे एकेक प्रश्न आठवू लागले. काल दंतवैद्याकडे गेली होतीस का? परवा इतका उशीर कसा झाला, वाटेत कुठे थांबलीस? ती म्हणायची, दादाला माझी किती काळजी. कोणीतरी आपल्याला ओळखणाऱ्याने सांगितलं असेल, असं तिला दर वेळी वाटायचं.

तिने सोललेली वायर नीट केली, नवी टेप गुंडाळली, डायनॅमोची वायर जागेवर आवळली, फ्यूज परत बसवले. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. डबी रिकाम्या नमुन्याच्या बरणीत घालून, झाकण घट्ट लावून ती संध्याकाळी नेहमीच्या वेळेला दादाकडे गेली. कोणाला काही बोलायचं नाही, आधी नुसतं विचारायचं, असं ठरवून गेली होती. विचारायची वेळच आली नाही. दादाने दार उघडलं आणि ती आत पाऊल टाकते न टाकते तोच म्हणाला, "गाडीला आज कोणी हात लावला?"

"का?"

"नाही, सहज."

स्वयंपाकघरातून वहिनीचा आवाज आला. तिला दारात कोण आलंय हे कळलं नसावं. "फोनवरचा ठिपका दुपारपासून दिसत नाहीये म्हणून सांगा ना त्या वायरिंगवाल्याला."

धाकटीने बरणी जेवायच्या टेबलावर ठेवली. वहिनी पदराला हात पुसत बाहेर आली, तिने बरणी बघितली, आणि तिचा चेहरा पडला. पण क्षणभरच, मग ती सावरली. दादा बोलू लागला. दिवस वाईट आहेत, एकटी बाई, रस्त्यात गाडी बंद पडली तर आम्हाला कळायला नको का, काळजीपोटी केलं. धाकटीने एवढंच विचारलं की काळजीपोटी केलं तर मला का नाही सांगितलं. त्यावर वहिनी दादाच्या मदतीला धावली. आणि मदतीला धावणारे घात करतात तसं झालं. ती म्हणाली, यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय आहे, आम्ही काय चोरून बघायचो? जेवताना सगळ्यांसमोरच फोन मध्ये ठेवलेला असायचा. आज आत्या कुठे गेली, मुलंसुद्धा हसत हसत सांगायची. घरचीच तर माणसं.

धाकटीच्या डोळ्यांसमोर ते टेबल आलं. मध्ये फोन, भोवती ताटं, आणि तळ्याकाठी थांबलेल्या ठिपक्याकडे बघून घास चघळणारी तोंडं. 

"आणि आम्ही लक्ष ठेवलं म्हणूनच वाचलीस," वहिनी म्हणाली. "त्या यंत्रवाल्याच्या पायी काय झालं असतं कोणास ठाऊक. हे वेळेवर जाऊन बोलून आले."

दादाने वहिनीकडे असं बघितलं की तिला आपली जीभ चावावीशी वाटली असेल. पण भांड्यातून सांडलेलं भांड्यात परत जात नाही.

"काय बोलून आलास?" धाकटीने विचारलं.

त्याने बराच वेळ आढेवेढे घेतले. शेवटी जे निघालं ते असं, की त्याने त्या माणसाच्या घरी जाऊन सांगितलं होतं, माझ्या बहिणीला डोक्याचा जुना आजार आहे, औषधं चालू आहेत, ती असं कोणाच्याही मागे लागते, तुम्ही सज्जन दिसता म्हणून आधीच सावध करतो. हे सांगताना दादाचा आवाज खाली गेला नाही. आपण एक अवघड काम पार पाडलं, असाच त्याचा सूर होता.

 धाकटी आतल्या खोलीत गेली, बाबांचं अंग पुसलं, कपडे बदलले, भरवायला बसली. बाबांचं शरीर निकामी झालं होतं तरी डोकं शाबूत होतं, कानही तिखट होते. भिंतीपलीकडचं सगळं त्यांनी ऐकलं होतं. निम्मं जेवण झाल्यावर ते म्हणाले, "दादावर चिडू नकोस. मीच म्हटलं होतं त्याला."

तिने उचललेला घास परत ताटात ठेवला.

"तू त्या माणसाच्या घरी गेली असतीस तर माझं कोणी केलं असतं? ही वहिनी? मला चार दिवसांत किडे पडले असते." एवढं बोलून त्यांनी पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.

त्या उघड्या तोंडाकडे, ओठाच्या कडेने ओघळणाऱ्या लाळेकडे ती बघत राहिली. रोज पुसत होती ती लाळ. आज तिला हात पुढे करवेना. तरी तिने उरलेलं भरवलं, तोंड पुसलं, चादर सारखी केली आणि मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. साबण संपत आला तरी धूतच राहिली. वहिनीने चहा ठेवू का विचारलं. तिने त्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी लॅब सुटल्यावर ती यंत्रवाल्याच्या दारात गेली. त्याने दार उघडलं, गडबडला, आत या म्हणाला. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली आणि दादा काय सांगून गेला, ते खरं नाही, एवढंच तिने सांगितलं. तो मान खाली घालून म्हणाला की मलाही तसं वाटलंच होतं.

"मग विचारलं का नाही?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं. आणि खरं असतं तर... माणूस घाबरतो हो. म्हटलं, नको ती कटकट." मग त्याने वर बघितलं. "आता गैरसमज दूर झाला ना? चहा घेऊ या."

इतके महिने तिने या माणसाच्या नावाने मनात हळहळ बाळगली होती. आज त्याच्याकडे बघताना तिला दिसलं की दादा, वहिनी आणि बाबा तिघांनी मिळून जे केलं, त्यातला शेवटचा स्क्रू या सज्जन माणसाने स्वतःच्या हाताने आवळला होता. यंत्र बिघडलं की हा तासन्‌तास एकेक वायर तपासायचा. माणसाच्या बाबतीत एक प्रश्न विचारायची याला कटकट वाटली. तिने त्याचं मीटर पिशवीतून काढून त्याच्या हातात दिलं आणि जिना उतरली. तो वरून हाक मारत होता, पण खाली काही आला नाही.

त्याच आठवड्यात दादाचा फोन आला. इतका राग असेल तर आमची गाडी परत दे, म्हणाला. धाकटी म्हणाली, जरूर, आत्ता आणून लावते दारात, उद्यापासून संध्याकाळचं बाबांचं तू कर.  मग फोनवर वहिनी आली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, अगं, ते रागाच्या भरात बोलले, गाडी तुझीच आहे.

"माझीच आहे," धाकटी म्हणाली. "आणि यापुढे मी दिवसाआड येईन. मधल्या दिवशी तुम्ही दोघं बघायचं. जमत नसेल तर बाई ठेवा."

त्यांनी बाई ठेवली नाही. मधल्या दिवशी दादा करतो, नाकाला रुमाल बांधून, आणि भेटेल त्याला सांगत सुटतो की आईच्या माघारी धाकटी हाताबाहेर गेली. नातेवाइकांनी फोन करून धाकटीला चार उपदेशाच्या गोष्टी सांगितल्या. तिने ऐकून घेतल्या. ती जाते त्या दिवशी बाबा तक्रार करतात की दादाचा हात फार जड आहे, घास घशात कोंबतो. ती हूं म्हणते, तोंड पुसते, निघते.

गाडीतला गालिचा तिने उपटून फेकून दिला. लोखंडाचा पत्रा घासून घासून धुतला, नवा गालिचा टाकला. गाडी आता थंडीतही एका झटक्यात सुरू होते. पण कुठे जायला निघाली की बसण्याआधी ती दार उघडून खाली वाकते, सीटखाली हात घालते आणि पोटाच्या बाजूने चाचपून बघते. काही नसतं. शेजारचे गृहस्थ विचारतात, काय हरवलं का हो? काही नाही म्हणून ती हात बाहेर काढते, तळव्याकडे एकदा बघते, तो स्वच्छ असतो तरी सदऱ्याला पुसते, आणि मग गाडीत बसते.